आर्णीतला पहिला कॉम्प्युटर कुणाचा

आर्णीत पहिला कॉम्प्युटर मी आणला. हे वाक्य मी गावाला इतक्यांदा ऐकवलं आहे की आता माझ्यासमोर कुणी कॉम्प्युटरचं नाव काढलं की शेजारचा माणूस हळूच उठून चहा सांगायला जातो. पण वाक्य खरं आहे. अडचण एवढीच की रस्त्याच्या पलीकडचा माणूसही हेच म्हणायचा, आणि त्याचंही अगदी खोटं नव्हतं.

माझा कॉम्प्युटर नागपूरहून टेम्पोत आला तेव्हा भादवा चालू होता. फ्लॉपीचा जमाना होता तो. मोठमोठे खोके, आत थर्माकोल, वर उलटं धरू नका असं सांगणारे बाण. हमालानं ते उलटेच धरले होते आणि मी त्याच्यावर ओरडत होतो. तेवढ्यात वडील बाहेर आले. त्यांनी खोक्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं, आणि विचारलं, "पक्ष सुरू झाला ना रे?"

झाला होता. पितृपक्षात आमच्या घरी कुणी नवी साडीसुद्धा घडी मोडून नेसत नाही. वडील म्हणाले, "राहू दे डब्यात. घटस्थापनेले पूजा कर, मंग लाव." बायकोनं त्यात आणखी भर घातली, की आधी कळंबला जाऊन चिंतामणीचं दर्शन घ्यायचं आणि मगच खोका फोडायचा. मी नागपुरात कोर्स करून आलेला, शिकलेला माणूस. पण वडिलांशी वाद घालण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती आणि बायकोशी घालण्यात अर्थ नव्हता. खोके रस्त्यावरच्या आमच्या खोलीत टेबलावर ठेवले. बायकोनं त्यांच्यावर आपला लग्नातला शालू पांघरला.

लोक बघायला येऊ लागले. चपला बाहेर काढून आत येत, शालूकडे बघत उभे राहत. मी बाजूला खुर्ची टाकून बसे आणि आत काय आहे, ते काय काय करू शकतं, हे समजावून सांगे. एका म्हातारीनं तर खोक्याला हळदकुंकू वाहिलं. मला वाटलं, चला, गावावर छाप पडली.

त्याच पक्षात, मी खोक्याची राखण करत बसलेलो असताना, समोरच्या नव्या गाळ्यासमोर खताच्या पोत्यांची मेटॅडोर थांबली. पोत्यांच्या मधून आणखी एक कॉम्प्युटर उतरला. गाळा जवळच्या तांड्यावरच्या एका तरुणानं भाड्यानं घेतला होता. तो पुसदला शिकून आला होता, एवढंच मला माहीत होतं. त्यांच्या तांड्यात पितर जेवू घालतात ते दिवाळीला. आमचा पक्ष त्याच्या गावीही नव्हता. त्यानं दिवस मावळायच्या आत वायरी जोडल्या आणि बटण दाबलं.

पडद्यावर तो प्रत्येकाला त्याचं नाव मोठ्या अक्षरात काढून दाखवत होता. नाव डावीकडून उजवीकडे सरकत जायचं. सगळं आर्णी लोटलं. मी शालू पांघरलेल्या खोक्याशेजारी बसून ती गर्दी पाहिली. गर्दीत माझे वडीलही होते. आपलं नाव सरकताना पाहून आले आणि जेवताना म्हणाले, "मस्त दिसते रे." मी ताट सरकवून उठलो.

गावानं निकाल दिला की पक्षात चालू केलेली वस्तू टिकत नसते. ती चांगली टिकली. माझीही टिकली. घटस्थापनेला नारळ फोडून मी दुकान उघडलं आणि पाटी लावली, 'आर्णीतील पहिले'. आठवडा झाला नाही तोच समोर पाटी लागली, 'आर्णीतील सर्वात पहिले'. हा माणूस आपल्याला सुखानं जगू देणार नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

तिकडे परदेशात ज्यांनी कॉम्प्युटर घरोघरी नेला त्यांच्याही आपसात हाडवैर होतं असं पेपरात वाचायला मिळे. कोण आधी, कोणी कोणाचं उचललं. आमच्या भांडणाची कुठल्या पेपरात ओळ आली नाही. पण आर्णीतल्या माणसाच्या आयुष्यात जे काय कॉम्प्युटरनं आणलं ते या रस्त्याच्या एका नाहीतर दुसऱ्या बाजूनं आणलं. मी लग्नपत्रिका छापायला लागलो तर त्यानं पत्रिकेवर नवरा-नवरीचे फोटो टाकले. त्यानं कुंडल्या काढायला सुरुवात केली तर मी रेल्वेचं रिझर्व्हेशन आणलं. दहावीचा निकाल नेटवर लागू लागला तेव्हा दोन्ही दुकानांसमोर पोरांची सारखीच गर्दी असे, आणि नापास झालेलं पोर खात्री करायला रस्ता ओलांडून दुसऱ्या दुकानात जाई. दुबईला गेलेल्या पोराचा चेहरा त्याच्या आईला पहिल्यांदा पडद्यावर दिसला तो समोरच्या दुकानात. आई पडद्याला हात लावून रडली म्हणतात. सातबारा पहिल्यांदा छापील निघाला तो माझ्याकडे.

टायपिंगचं तर विचारूच नका. माझा क्लास जुन्या टाइपरायटरच्या मांडणीचा. मराठीचं कुठलं अक्षर कुठल्या कळीवर, ते टाइपरायटरवर होतं तसंच. त्याचा क्लास नव्या मांडणीचा. एका क्लासचा माणूस दुसऱ्या मांडणीवर बसला की आंधळ्यासारखा चाचपडे. त्यामुळे तालुक्यातली सगळी कचेऱ्या-शाळांची माणसं बोटांनी वाटली गेली. तहसिलीत कुणी नवं लागलं की मी त्याचे हात पाहत असे. दोन ओळी टाइप केल्या की कळायचं, आपला की समोरचा.

'समोरचा' हेच आमचं एकमेकांसाठीचं नाव. वय वाढलं तसा 'समोरचे' झालो, एवढाच फरक. गिऱ्हाइकाला मी म्हणायचो, "समोरच्यांकडे जायचं असेल तर खुशाल जा," आणि ते माझ्याविषयी काय म्हणायचे ते गिऱ्हाईक मला येऊन सांगायचं. थेट बोलणं नाही. लग्नात एका पंगतीत बसायची वेळ आली तर दोघांपैकी एकाला एकाएकी काहीतरी काम आठवे.

ते माझ्याशी एकदाच बोलले. बायको गेली तेव्हा.

तेरवीची पत्रिका छापायची होती. ती मलाच करावी लागणार होती. गावातल्या निम्म्या घरांच्या तेरवीच्या पत्रिका मी केलेल्या. साचा तयार, फक्त नाव, तिथी आणि फोटो बदलायचा. मी दुकानात बसलो होतो आणि हात कळीवर जात नव्हता. तेव्हा ते रस्ता ओलांडून आले. हातात कागदात बांधलेला गठ्ठा होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हे काम तुमी नका करू." आणि गेले.

पत्रिका छापून आणल्या होत्या. फोटो कुठून मिळवला कोण जाणे, बहुधा माझ्या मुलीकडून. पत्रिकेच्या तळाशी छापणाऱ्या दुकानाचं नाव बारीक अक्षरात असतं, जाहिरात म्हणून. त्यांनी ते टाकलं नव्हतं. ती जागा कोरी होती. मी त्या कोऱ्या जागेकडे पाहत खूप वेळ बसलो, आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणी रडलो.

तेरवीनंतर पुन्हा पहिल्यासारखं. समोरचे त्या बाजूला, मी या बाजूला.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मोबाईल आला. लोक खिशातून निकाल काढू लागले, बोलून मराठी लिहू लागले. पत्रिका फोनवरच येतात, फोनवरच पुसल्या जातात. दुकानात येणारा माणूस फक्त चार्जर आहे का विचारायला येऊ लागला. मी एक दिवस शटर ओढलं. भाड्यानं द्यावं म्हणून पुष्कळांनी विचारलं. मी दिलं नाही. का, ते मलाही सांगता येणार नाही.

मुलगी पुण्याला, कॉम्प्युटरच्याच कंपनीत. ती काय काम करते ते मला तिनं समजावून सांगितलं आणि मला कळलं नाही. माझ्या मांडीत बसून पडद्यावर बाराखडी शिकलेली पोर. फोन करते, जेवलात का विचारते, मी जेवलो सांगतो. मग दोघांनाही पुढचं सुचत नाही. घर मागच्या गल्लीत आहे. सकाळी उठून मी काय करायचं, हा प्रश्न रोज तसाच समोर येऊन बसतो. पेपर वाचतो. पेपर संपतो. एकटेपणाची सवय होते म्हणतात. ज्यानं कुणी हे म्हटलं त्याच्या घरी नक्की माणसं होती.

यंदा पावसाळा सरता सरता शाळेचे मुख्याध्यापक घरी आले. शाळेत नवी कॉम्प्युटरची खोली होणार होती. उद्घाटनाला आर्णीत पहिला कॉम्प्युटर आणणाऱ्या माणसाचा सत्कार करायचं त्यांच्या मनात होतं. "सर, तुमीच ना?" ते म्हणाले.

जन्मभर मी या प्रश्नाची वाट पाहिली होती. हो म्हणायला अर्धं तोंड उघडलंसुद्धा. आणि मग वाटलं, शाल खांद्यावर पडेल, टाळ्या होतील, आणि ज्याच्या नाकावर टिच्चून ती घ्यायची तो माणूस तिथे नसेल तर कशाला? बाकी गावाला काय फरक पडतो कोण पहिला? हा सामना आम्हा दोघांचा होता. बघणारे केव्हाच उठून गेले होते. मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. एकदाच, की हो, तुमी पयले.

"विचारून सांगतो," मी मुख्याध्यापकांना म्हणालो. कोणाला विचारणार, हे त्यांना कळलं नाही.

समोरचे आताशा दुकानात बसत नाहीत, मुलगा मोबाईलचं दुकान चालवतो, एवढं मला माहीत होतं. आजारी आहेत असं कुणीतरी म्हणालं होतं. या वयात सगळेच असतात. रस्ता आता चौपदरी झालाय, मध्ये दुभाजक, ट्रक थांबता थांबत नाहीत. तो ओलांडायला मला बराच वेळ लागला. एवढ्या वर्षांत मी त्या बाजूला कधी गेलोच नव्हतो. लागणारं सामान तिथे मिळत असूनही पुढच्या चौकातून आणायचो.

ते दुकानाबाहेर ओट्यावर खुर्चीत बसले होते, रस्त्याकडे तोंड करून. पार वाळले होते. मला पाहून त्यांचा चेहरा खुलला. "आव, बेस," ते म्हणाले.

ही त्यांच्या घरची, तांड्यावरची बोली. ये, बस. ती ते आपल्या माणसांशीच बोलत. मी चकित होऊन शेजारच्या स्टुलावर बसलो. आतून त्यांची सून आली. तिनं मला ओळखलं, डोक्यावरचा पदर सावरला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "काका, मामाजीले आता माणसं ओळखू येत नाही. कदी मले बी इचारते, तू कोनाची पोरगी म्हणून."

मी आयुष्यभराची जमवाजमव करून आलो होतो आणि दार उघडं असून आत कोणी नव्हतं.

"काय काम काढलं भाऊ?" त्यांनी विचारलं. "पत्रिका छापाची का?"

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"बरं केलं इकडं आले. समोर नाही गेले." त्यांनी मान पुढे करून रस्त्यापलीकडे, माझ्या बंद शटरकडे बोट दाखवलं. "तो लय शायना समजते सोताले. सायबावानी बसते खुर्चीत."

मला हसू आलं. आणि काहीतरी गरम गरम आत पसरलं. मला विसरले होते, पण समोरच्याला विसरले नव्हते.

"पण काम कसं आहे त्याचं?" मी विचारलं.

त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं. "काम साफ आहे," ते म्हणाले. "त्याच्या क्लासच्या पोरी कळीकडे पाह्यत नाही. तसं मले नाही जमलं शिकवणं. त्याले नका सांगू."

"नाही सांगत."

सुनेनं चहा आणून ठेवला. मी धीर केला. "आर्णीत पहिला कॉम्प्युटर कोणी आणला हो?"

"आणला त्यानं," ते लगेच म्हणाले, जसं काही त्यात वाद असण्याचं कारणच नव्हतं. "चालू म्या केला. तो डब्यावर शालू पांघरून बसला होता." आणि ते हसले. दात पडलेल्या तोंडानं, खांदे हलवत हसले. मीही हसलो. इतक्या वर्षांत आम्ही दोघं पहिल्यांदा एकाच गोष्टीला, एकाच वेळी हसत होतो. मला राहवेना. त्यांच्या हातावर हात ठेवून मी म्हणालो, "अहो, तो मीच. समोरचा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. केस, चष्मा, हातावरचे डाग, सगळं सावकाश पाहिलं. मग माझी समजूत काढत म्हणाले, "नाही भाऊ. तो इतका बुढा नाही."

मी हात काढून घेतला.

"थांबा," ते म्हणाले. "आता येईल तो. मले बी त्याचीच वाट आहे. आज काहून नाही उघडलं अजून?" आणि त्यांनी पुन्हा मान वळवून रस्त्यापलीकडे नजर लावली. मी शेजारी बसलो आहे हेही ते विसरले.

निघताना सून ओट्याच्या पायरीपर्यंत आली. म्हणाली, "रोज असंच आहे काका. सकाळी उठले का खुर्ची इथं टाकाले लावते. समोरचा आला नाही, समोरचा आला नाही. चहा थंडा होऊन जाते. पोराईले सांगते, जाऊन पाहून या, बिमार तर नाही तो."

मी घरी आलो. भात टाकला आणि खाल्ला नाही. मला सत्काराचं काही वाटत नव्हतं आता. माझ्या मनात एकच होतं. या जगात एक माणूस रोज सकाळी माझी वाट पाहतो. मी बरा आहे ना म्हणून विचारतो. आणि मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो तर तो मला ओळखत नाही. मी रस्त्याच्या या बाजूला, मागच्या गल्लीत, पेपर संपवत बसलेला. एवढं वाईट मला बायको गेल्यानंतर कधी वाटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर एवढं बरंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि दुकानावर गेलो. कुलूप गंजलं होतं, त्यात तेल सोडलं. शटर अर्ध्यावर अडकलं, खांदा लावून वर केलं. इतका आवाज झाला की पानठेल्यावरची माणसं वळून पाहू लागली. आत धुळीचा थर. झाडलं. ट्यूबलाइट लागली. कॉम्प्युटर चालू होईल अशी आशाच नव्हती, पडद्यावरचं कापड मात्र काढलं. खुर्ची पुसून मी बसलो. साहेबासारखा, पाठ टेकून, जसा ते म्हणाले तसा.

आणि रस्त्याकडे पाहिलं. ट्रक गेला, बस गेली, मध्ये फट पडली. ओट्यावरच्या खुर्चीत ते पुढे झुकले होते. कपाळावर हात आडवा धरून इकडेच पाहत होते. मग ते मागे टेकले, मान दुसरीकडे फिरवली आणि कप हातात घेतला. मला त्यांचं ते मान फिरवणं अगदी ओळखीचं होतं. असंच करायचे.

थोड्या वेळानं फोन वाजला. सून होती; काल निघताना तिनं माझा नंबर घेतला होता. "काका, मामाजीनं चहा घेतला. म्हणते, पाहा, आज किती उशिरा आला तो. धंदा करण्याची रीत आहे का ही?"

तेव्हापासून मी रोज उघडतो. शेजारचा किराणावाला म्हणतो, सर, म्हातारपणी डोकं फिरलं का? दुकानात कुणी येत नाही. चार्जर विचारणाराही नाही. मी बसतो, पेपर वाचतो, मधून मधून त्यांना दिसेल असं उठून टेबल आवरतो. रस्ता ओलांडून मी पुन्हा गेलो नाही. तिकडे गेलो की मी कुणीतरी भाऊ होतो, पत्रिका छापायला आलेला. इथे मी मी असतो. दुपारी त्यांना आत नेतात तेव्हा मीही शटर ओढून घरी जातो. संध्याकाळ मग तशीच असते, पूर्वीसारखी, लांबच लांब. पण सकाळ माझी असते.

परवा मुख्याध्यापकांचा फोन आला. कार्यक्रम ठरला होता. मी त्यांना सांगितलं, आणला मी, चालू समोरच्यांनी केला, दोन्ही बोला. ते बरं म्हणाले. म्हणाले, शाल तुम्हालाच, सकाळी गाडी पाठवतो.

"सकाळी मले जमत नाही," मी म्हणालो. "दुकान असते."

"दुकान?" ते गोंधळले. "सर, अजून गिऱ्हाईक येते तुमच्याकडं?"

"गिऱ्हाईक कायचं येते," मी म्हणालो. "पण उशीर झाला का समोरचे चिडते."